मोर्व्हाँमधली वर्तुळाकार पायवाट: पिवळ्या खुणा की स्वतः आखलेली फेरी?

फ्रान्समधल्या बर्गंडीच्या मोर्व्हाँ भागात जंगल आणि छोटी गावं यांतून फिरून पुन्हा गाडीपाशी यायचं, तर दोन मार्ग आहेत.

पहिला, पिवळ्या पट्ट्यांची 'पे-एर' (PR), म्हणजे छोट्या पल्ल्याची वाट. या खुणा वाटेवरच्या झाडांवर वगैरे रंगवलेल्या असतात. एक आडवा पट्टा म्हणजे सरळ, वळलेला बाण म्हणजे वळण, फुली म्हणजे चुकलात. पांढरा-लाल पट्टा दिसला तर सावध राहा: ती लांब पल्ल्याची 'जे-एर' (GR) वाट आहे, ती गाडीपाशी परत आणेलच असं नाही. खरी अडचण डग्लस फर या सूचिपर्णी झाडांची तोड झालेल्या भागात येते. खुणेचं झाडच गेलेलं असतं. दहा मिनिटं खूण दिसली नाही, तर शेवटच्या खुणेपर्यंत मागे फिरा.

दुसरा, आयजीएन (IGN) या फ्रेंच नकाशा संस्थेच्या १:२५,००० नकाशावर स्वतः आखलेली फेरी. ४ सेंटिमीटर म्हणजे १ किलोमीटर. गावं आणि लांबी आपल्या मर्जीची, पण नकाशावरची तुटक रेघ म्हणजे जाण्याचा हक्क नव्हे. 'शमँ रुराल' (गावाची वाट) लोकांसाठी खुली असते. 'शमँ देक्स्प्लुआतास्याँ' (शेती-जंगलाच्या कामाची वाट) लगतच्या जमीनमालकांची, ते ती लोकांसाठी बंद करू शकतात. १२ किलोमीटरला थांबे धरून चार तास ठेवा.

पहिल्यांदा जाणाऱ्याने पिवळी वाटच घ्यावी. साधारण सप्टेंबर ते फेब्रुवारी शिकारीचा हंगाम. तेव्हा दोन्ही वाटांवर भडक नारिंगी जाकीट हवंच. पाणी सोबत न्या. दफनभूमीच्या नळावर 'नाँ पोताब्ल' (पिण्यायोग्य नाही) लिहिलं असेल, तर ते पिऊ नका. आणि सोमवारी गावातली बेकरी उघडी असेल, या भरवशावर तर मुळीच राहू नका.