बाळंतिणीच्या घरी येणारी सेवा : आशाताईंच्या गृहभेटींविषयी अभिप्राय

बाळंतपणानंतरच्या पहिल्या दीड महिन्यात आशाताई, म्हणजे सरकारी आरोग्य सेवेतल्या ‘आशा’ स्वयंसेविका, घरी येऊन बाळंतीण आणि बाळ दोघांची तपासणी करतात. ही सरकारी सेवा पूर्णपणे विनामूल्य आहे, तरीही अनेक शिकल्यासवरलेल्या घरांत तिची नीट माहिती नसते. माझी मुलगी पहिल्या बाळंतपणासाठी सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी आली, तेव्हा ही सेवा मला जवळून पाहता आली. पुढचा अभिप्राय त्या अनुभवावर आधारलेला आहे.

प्रसूती दवाखान्यात झाली असेल, तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी अशा सहा भेटी ठरलेल्या असतात. घरी प्रसूती झाल्यास पहिल्या दिवसाची आणखी एक भेट असते. या पद्धतीचा पाया महाराष्ट्रातच घातला गेला, याचा आपल्याला अभिमान वाटायला हवा. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोलीतल्या ३९ गावांत गावातल्याच स्त्रियांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवले. तिसऱ्या वर्षापर्यंत तिथला नवजात बालमृत्यूदर, तुलनेसाठी निवडलेल्या गावांच्या मानाने, ६२ टक्क्यांनी खाली आला आणि १९९९ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात त्याचा अहवाल प्रसिद्ध झाला. २०११ पासून आशांमार्फत हा कार्यक्रम देशभर राबवला जातो.

आमच्याकडे आलेल्या आशाताईंनी आल्याबरोबर साबण मागून घेतला, कोपरापर्यंत हात धुतले आणि ते पदराला न पुसता हवेत वाळू दिले. मग बाळाला झोळीत ठेवून काट्यावर वजन केले, काखेत थर्मामीटर लावला आणि दुपट्याची घडी बाजूला सारून घड्याळावर पूर्ण एक मिनिट बाळाचे श्वास मोजले. बाळ शांत असताना मिनिटाला ६० किंवा त्याहून अधिक श्वास भरले, तर थोड्या वेळाने ते पुन्हा मोजायचे आणि तरीही तितकेच आले, तर वाट न पाहता दवाखाना गाठायचा, हे त्यांनी मुलीला सांगितले, आणि नंतर तिच्याकडूनही एकदा श्वास मोजून घेतले. त्यांनी बाळाच्या पोटाला आणि तळपायांना हात लावायला लावला. पोट गरम आणि पाय गार लागले, तर बाळाला थंडी वाजते आहे असे समजून त्याला आईच्या छातीशी, कातडीला कातडी लागेल असे धरायचे आणि वरून दोघांवर पांघरूण घालायचे. पुस्तकी सल्ला कुठेही मिळतो. आईच्या हाताला अशी पारख शिकवणे ही या सेवेची खरी किंमत आहे, असे माझे ठाम मत झाले.

तिसऱ्या दिवशी बाळाचे वजन जन्माच्या वेळेपेक्षा कमी भरले, तेव्हा घरात सगळ्यांचे चेहरे उतरले आणि वरचे दूध सुरू करण्याची भाषा सुरू झाली. पहिल्या काही दिवसांत वजन थोडे उतरते आणि साधारण दोन आठवड्यांत पुन्हा भरून येते, हे आशाताईंनी शांतपणे समजावले. पण तेवढ्यावर न थांबता त्यांनी मुलीला त्यांच्यासमोर बाळाला पाजायला सांगितले आणि बाळाच्या तोंडात केवळ स्तनाग्र न जाता भोवतालचा काळा भागही जातो की नाही, हे पाहून तिची बसण्याची पद्धत सुधारली. चौदाव्या दिवशी वजन भरून निघाले होते.

आमच्याकडच्या जुन्या चालीरीतींबाबत त्यांची वागणूक मला विशेष आवडली. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, बाळंतिणीचा शेक यांना त्यांनी नाके मुरडली नाहीत. मात्र बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवू दिली नाही, बाळाच्या नाळेला तेल किंवा हळद लावू दिली नाही आणि मध, गुटी, पाणी यांपैकी काहीही सहा महिने बाळाच्या तोंडी जाणार नाही, असे माझ्या सासूबाईंकडून वदवून घेतले. “आजी, तुमचा हात मालिशला चांगला आहे, तेवढे तुम्ही करा,” असे त्यांनी म्हटल्यावर सासूबाईंचाही मान राहिला.

गरोदरपणातल्या सेवेबद्दल थोडक्यात सांगायचे, तर उपकेंद्रातल्या सिस्टर रक्तदाब, वजन, हिमोग्लोबिन आणि लघवी नियमितपणे तपासत, धनुर्वाताचे इंजेक्शन वेळेवर मिळाले आणि लोहाच्या व कॅल्शियमच्या गोळ्यांचा तुटवडा पडला नाही. या दोन गोळ्या एकत्र घ्यायच्या नाहीत आणि लोहाच्या गोळीवर चहा प्यायचा नाही, हे प्रत्येकीला बजावून सांगितले जाई. दर महिन्याच्या ९ तारखेला डॉक्टरांकडून तपासणी होते; त्या दिवशी गर्दी फार असते आणि दिवस भरत आलेल्या बायकांना बसायला पुरेशी बाके नसतात, ही गैरसोय दूर व्हायला हवी.

उणिवा आहेत आणि त्या लपवण्यात अर्थ नाही. मुलीची नोंदणी सासरी, शहरात झाली होती. त्यामुळे गावातल्या यादीत तिचे नाव नव्हते आणि आम्ही स्वतः जाऊन कळवले नसते, तर पहिली भेट हुकली असती. पहिल्या बाळंतपणाला माहेरी येण्याची रीत आपल्याकडे घरोघरी आहे, तेव्हा ही नोंद आपोआप पुढे जाण्याची सोय यंत्रणेने केलीच पाहिजे. तोपर्यंत माता व बाल संरक्षण कार्ड सोबत आणावे आणि सातव्या-आठव्या महिन्यात माहेरी येताच आशाताईंना दाखवावे.

दुसरी उणीव मला अधिक टोचते. बाळाची तपासणी जितकी बारकाईने होते, तितकी आईची होत नाही. रक्तस्राव, ताप, टाक्यांचे दुखणे हे विचारले जाते. पण झोप लागते का, उगीच रडू येते का, हे कुणी विचारत नाही आणि विचारले तरी घरातल्या चार बायकांसमोर कोणती बाळंतीण खरे सांगेल? भेटीतली निदान पाच मिनिटे आईशी एकटीने बोलण्यासाठी राखून ठेवली पाहिजेत. आशाताईंवर सर्वेक्षणांचे आणि नोंदवह्यांचे ओझे इतके आहे, की सगळ्या भेटींचे मिळून २५० रुपये त्यांच्या हाती ठेवून आणखी अपेक्षा करणे अन्यायाचे वाटते, पण ती जबाबदारी सरकारची आहे.

शहरात माझ्या भाचीने एका खाजगी संस्थेकडून बाळंतिणीसाठी बाई ठेवली होती. अंघोळ, मालिश, कपडे यांचा मोठा आधार झाला, परंतु बाळाची कावीळ तळहातांपर्यंत उतरली तरी तिच्या ती लक्षात आली नाही; शेजारच्या डॉक्टरांनी पाहून बाळाला तातडीने दवाखान्यात नेले. पैसे देऊन मदतनीस ठेवायला हरकत नाही, मात्र तिने आशाताईंच्या भेटींची जागा घेऊ नये. तुमच्या भागात आशाताई आल्या नाहीत, तर जवळच्या उपकेंद्रात किंवा नागरी आरोग्य केंद्रात जाऊन त्यांची भेट मागून घ्या. बेचाळिसाव्या दिवसानंतरही तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यात त्यांच्या भेटी होतात. पुढची तारीख कार्डावर लिहून घ्या आणि त्या दिवशी बाळाला घेऊन घरी थांबा.