कॅफे रेसर विकायची आहे: आहे तशी, की पुन्हा ओरिजिनल करून?

कॅफे रेसर म्हणजे साधी मोटारसायकल कापून-बदलून शर्यतीच्या गाडीसारखी बुटकी, एकट्याची केलेली. मी आजवर अशा दोन विकल्या, दोन्ही पुण्यात. एक बुलेट होती, कास्ट आयर्न इंजिनची. ती जशी बांधली तशीच विकली. दुसरी १९८४ची येझदी रोडकिंग. ती विकण्याआधी आठ महिने घालवून मैसूरच्या कारखान्यातून निघाली असेल तशी पुन्हा उभी केली. त्यामुळे आता ओळखीतल्या कुणी गाडी विकायला काढली की फोन येतो, "दादा, तशीच टाकू, की स्टॉक करून?" स्टॉक म्हणजे कंपनीतून आली तशी.

मी उलट दोन गोष्टी विचारतो. फ्रेम कापली आहेस का? आणि काढलेले पार्ट कुठे आहेत? पेंट कुठे केला, फोटोला किती लाइक आले, हे सगळं नंतर. भाव या दोन उत्तरांवर ठरतो.

फ्रेमला एवढं महत्त्व का, ते सांगतो. कॅफे रेसरची सगळी शोभा एका रेषेत असते. टाकीचा तळ आणि सीटचा तळ एका ओळीत, मागे छोटासा उंचवटा, आणि तिथे गाडी संपते. आपल्या जुन्या गाड्यांची फ्रेम मागे लांब असते, दोन माणसं आणि वर सामान पेलेल अशी. ती रेषा मिळवायला बहुतेक जण ग्राइंडर लावतात, मागची नळी कापतात आणि वाकवलेला लूप, म्हणजे अर्धगोल नळी, वेल्ड करतात. क्लिप-ऑन हँडल (पुढच्या शॉकअपलाच आवळलेलं बुटकं हँडल), सीट, हेडलाइट, सायलेन्सर हे नटबोल्टाचं काम आहे. पान्यानं बसवलं तसं पान्यानं निघतं. कापलेली नळी परत येत नाही. आली तरी वेल्डिंगचा सांधा जाणत्या माणसाला बोटानं कळतो.

आहे तशी विकली तर

वर खर्च नाही, ही पहिली सोय. दुसरी गोष्ट मी हलकी मानत नाही: ज्यात आपण जीव ओतला ती गाडी त्याच रूपात कुणाच्या तरी दारात उभी राहते. माझी बुलेट ज्या मुलानं घेतली त्यानं तिचा एक नटसुद्धा बदललेला नाही, आणि त्याचा मला अजून आनंद आहे.

पण गिऱ्हाईक फार थोडं. बघायला वीस जण येतात, फोटो काढतात, किक मारून आवाज ऐकतात आणि जातात. घेणारा एखादा, आणि तो यायला माझ्या बाबतीत सात महिने लागले. याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. जिथे ही गाडी जन्मली त्या इंग्लंडमध्ये १९५०-६०च्या दशकांत लंडनच्या नॉर्थ सर्क्युलर रोडवरच्या एस कॅफेसारख्या ठिकाणी पोरं जमायची आणि तिथून शर्यती लावायची. त्या काळातली 'ट्रायटन' म्हणजे नॉर्टनच्या फेदरबेड फ्रेममध्ये ट्रायम्फचं इंजिन. ती घरीच बांधलेली गाडी असली तरी तिला नाव आहे, नमुना आहे. ट्रायटन विकायला काढली तर घेणाऱ्याला आत काय असणार हे आधीच माहीत असतं. आपल्याकडच्या प्रत्येक कॅफे रेसरचा नमुना वेगळा. वायरिंग कुणी केली, ब्रेक कुठल्या गाडीचा, पुढचे शॉकअप कुठून आणले, हे घेणाऱ्याला पहिल्यापासून समजून घ्यावं लागतं, आणि ज्याला समजत नाही तो भाव पाडून मागतो.

शिवाय आता भावाला वर एक छत आहे. रॉयल एनफिल्डनं २०१३मध्ये काँटिनेंटल जीटी ५३५ आणली, ती त्याच एस कॅफेत सादर केली, आणि २०१८मध्ये ६५० आली: ६४८ सीसीचं जुळ्या सिलिंडरचं इंजिन, ४७ पीएस ताकद, सहा गिअर, कंपनीची वॉरंटी. ती तीन लाखांच्या वर जाते. तुमच्या गाडीवर तेवढेच पैसे खर्च झाले असतील, मला मान्य आहे. पण तेवढे पैसे हातात असलेला माणूस आधी शोरूममध्ये जाणार. त्यामुळे मजुरी परत मिळत नाही हे धरूनच चाला. परत मिळतं ते इंजिनकामाचं. क्रँक (इंजिनातला फिरता दांडा) कधी केला, बोअर (सिलिंडरचं आतलं भोक) कुठल्या साइझवर आहे, कुठल्या लेथवर काम झालं, याची बिलं एका फाइलीत ठेवली असतील, तर गिऱ्हाईक घासाघीस करतानाही जपून बोलतं. टाकीवरच्या सोनेरी रेषांचे पैसे मला कुणी दिले नाहीत. बोअरच्या बिलाचे दिले.

आता कायद्याचं. इथे बरेच विक्रेते गप्प बसतात आणि मला ते पटत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२नुसार कंपनीनं ठरवलेल्या मूळ रचनेत असा बदल करता येत नाही की आरसीवरची नोंद आणि गाडी यांचा मेळ बसणार नाही. जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हे स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं आलेल्या कलम १८२अ(४)मध्ये मालकाला अशा प्रत्येक बदलासाठी पाच हजार रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. रंग बदलणं वेगळं, फ्रेम कापणं वेगळं. मागच्या सीटचं बघा. आरसीवर आसनक्षमता २ लिहिलेली, आणि गाडीवर एकट्याची, मागे उंचवटा असलेली हम्प सीट. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम १२३ मागच्या माणसाला धरायला हँडल, फूटरेस्ट आणि मागचं चाक निम्मं तरी झाकणारं साडीगार्ड मागतो. कॅफे रेसरमध्ये आपण सगळ्यात आधी जे काढून फेकतो ते नेमकं हेच.

पंधरा वर्षांनी पासिंग संपतं, मग दर पाच वर्षांनी गाडी आरटीओत तपासणीला न्यावी लागते. तेव्हा हे सगळं समोर येतं. म्हणून पासिंग किती शिल्लक आहे हे जाहिरातीतच लिहा. तीन महिन्यांत पासिंग संपणारी कॅफे रेसर दुसऱ्याच्या गळ्यात घालणं ही फसवणूक आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

माझ्या बुलेटच्या वेळी अडलं ते मात्र वेगळ्याच ठिकाणी. घेणारा मुलगा काकांना घेऊन आला. काकांनी गाडीचं कौतुक केलं, मग गुडघ्यावर बसून मोबाईलचा टॉर्च लावला आणि हँडलखाली फ्रेमच्या मानेवर चेसिस नंबर शोधायला लागले. नंबर दिसेना. पावडर कोटिंग करणाऱ्यानं त्या जागेवर टेप लावली नव्हती, आणि जाड काळ्या थरात आकडे भरून गेले होते. बोट फिरवलं तर जेमतेम लागत होते. काका उठले, हात पुसले आणि म्हणाले, "बाळ, नंबर दिसेल तेव्हा बोलू." मला तेव्हा राग आला, पण त्यांचं अगदी बरोबर होतं. तिथे पॉलिश पेपर घासला असता तर नंबरात छेडछाड केल्यासारखं दिसलं असतं. शेवटी पेंट रिमूव्हर आणि दात घासायचा ब्रश घेऊन दोन संध्याकाळी एकेक आकडा उघडा केला. तुमची फ्रेम अजून कोटिंगला गेली नसेल तर आधी ती टेप लावून घ्या.

ओरिजिनल करून विकली तर

रोडकिंगच्या वेळी मी हा रस्ता धरू शकलो, कारण फ्रेमला हात लावला नव्हता. बांधणाऱ्या फिटरनं मला कापू दिलं नाही. त्यानं काढलेला प्रत्येक पार्ट, साइड बॉक्स, मडगार्ड, लांब सीट, हँडल, अगदी वॉशरसकट, एका पत्र्याच्या पेटीत भरून दिला होता आणि ती पेटी आठ वर्षं आमच्या माळ्यावर होती. आई दर दिवाळीला ती भंगारात द्यायला निघायची.

येझदीत आणखी एक गोष्ट नशिबानं वाचली. तिची किक आणि गिअर ही एकच दांडी असते. आत दाबून वर फिरवली की किक, परत खाली आणली की गिअर. कॅफे रेसरसाठी फूटरेस्ट मागे नेले की पाय त्या दांडीपासून लांब जातो आणि ही सगळी सोय बिघडते. आम्ही फूटरेस्ट जागेवरच ठेवले होते. दिसायला गाडी थोडी कमी पडायची, पण परत फिरताना तेवढं काम वाचलं.

तरी खर्च आलाच. टाकीचा मूळ रंग, क्रोम, रबरं, आणि सायलेन्सरची जोडी. मैसूरचा कारखाना १९९६मध्ये बंद पडला, त्यामुळे बाजारात मिळतो तो बहुतेक नव्यानं बनवलेला माल. तो चालतो, पण जाणता माणूस पत्र्याच्या जाडीवरून ओळखतो. मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात किती रविवार गेले मोजले नाहीत. पेटी नसती तर हा रस्ता मला परवडलाच नसता. तुमच्याकडे पेटी नसेल, तर आधी सुट्या भागांची यादी करून त्यांचे भाव काढा. टाकी, सीट, साइड बॉक्स आणि मडगार्ड हे चारही बाहेरून घ्यावे लागणार असतील, तर हा विचार बहुधा सोडून द्यावा लागेल.

बदल्यात काय मिळालं? गिऱ्हाईक. जुलैच्या दुसऱ्या रविवारी जावा-येझदी डेला, म्हणजे या गाड्यांच्या शौकिनांच्या मेळाव्याला, गाडी घेऊन गेलो. जाहिरात केली नाही, फक्त टाकीवर 'विकणे आहे' अशी चिठ्ठी लावली. तीन जण गंभीरपणे बोलले. ही माणसं वायरिंग कुणी केली ते विचारत नाहीत, कारण त्यांना ती कशी असायला हवी ते पाठ असतं. ती इंजिन नंबर आरसीशी ताडून बघतात आणि मग सरळ भावावर येतात.

'व्हिंटेज' या शब्दाबद्दलही इथेच सांगतो, कारण जाहिरातीत तो सर्रास टाकला जातो. जुलै २०२१च्या केंद्रीय नियमांनुसार व्हिंटेज म्हणजे पहिल्या नोंदणीपासून ५०हून अधिक वर्षं झालेली आणि मूळ रूपात राखलेली गाडी. चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार केलेली चालत नाही. नवीन नोंदणीला २०,००० रुपये, नंबरात 'व्हीए' अक्षरं, आणि रोजच्या वापराला परवानगी नाही. म्हणजे १९६८ची जावा कापून कॅफे रेसर केली, तर वयानं बसूनही ती या नोंदणीतून बाहेर पडते. रोडकिंग बाजारात आली १९७८मध्ये. पहिल्या रोडकिंगना २०२८मध्ये ५० पूर्ण होतील. ज्यांच्याकडे न कापलेली जुनी रोडकिंग, जावा किंवा बुलेट आहे त्यांनी हे डोळ्यांसमोर ठेवावं. तीच गोष्ट राजदूत ३५० आणि आरएक्स १००ची. या दोन गाड्यांच्या बाबतीत मी फार विचार करायलाही सांगणार नाही. पार्ट असतील तर ओरिजिनल करा. त्यांच्यामागे असलेला माणूस ओरिजिनलच शोधतोय.

कास्ट आयर्न बुलेट मधे बसते. पार्ट सहज मिळतात, परत फिरणं स्वस्त. पण स्टॉक बुलेटही मुबलक आहेत, त्यामुळे फरक थोडाच पडतो. फ्रेम कापलेली असेल तर माझ्यासारखी तशीच विका. आणि अलीकडची शंभर-दीडशे सीसीची गाडी कॅफे रेसर केली असेल, तर महिनाभरात जो भाव येईल तो घेऊन मोकळे व्हा.

सुटे भाग करून विकणं

बेरीज कधीकधी जास्त होते, हे खरं. पण नंबर असलेली फ्रेम आणि तिची आरसी वेगवेगळ्या हातांत जाऊ देऊ नका. त्या आरसीवर उद्या कुठली गाडी फिरेल सांगता येत नाही. गाडी कायमची मोडली तर १४ दिवसांत आरटीओला कळवावं लागतं. मला हा मार्ग फक्त अपघातात फ्रेम वाकलेल्या गाडीसाठी योग्य वाटतो.

व्यवहाराच्या दिवशी

कुठल्याही रूपात विका, नावावर झाल्याशिवाय गाडी विकली असं समजू नका. मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३०वर सह्या करून कागद दुसऱ्याच्या हातात दिले की काम झालं, असं पुष्कळ जण धरतात. सर्वोच्च न्यायालयानं २०१८मध्ये सांगितलं आहे की नोंदीवर ज्याचं नाव, अपघाताच्या भरपाईत मालक तोच. वेगासाठी बांधलेली गाडी विशीतल्या मुलाच्या हातात देताना हे फार जपा. मी दोन्ही वेळा राज्यातल्या राज्यात विकली, १४ दिवसांच्या आत आरटीओला कळवलं आणि घेणाऱ्याबरोबर स्वतः गेलो.

एचएसआरपी (हाय सिक्युरिटी नंबर प्लेट) पाटीही आधी बसवून घ्या. एप्रिल २०१९च्या आधीच्या गाड्यांना ती महाराष्ट्रात बंधनकारक आहे, आणि कापलेल्या शेपटीवर ती लावायला जागाच नसते. बुलेटला मला त्यासाठी वेगळी पट्टी ठोकून घ्यावी लागली.

रोडकिंग नेताना त्या गृहस्थांनी दांडी आत दाबली, वर फिरवली, दुसऱ्या किकला गाडी चालू केली आणि तीच दांडी खाली आणून पहिला टाकला. पत्र्याची पेटी आमच्याकडेच राहिली. आता तिच्यात क्लिप-ऑन, हम्प सीट आणि छोटा हेडलाइट आहे. न कापता रोडकिंगवर बसतात. कुणाला हवे असतील तर वॉशरसकट देईन.