म्हात्रे पुलाजवळचा टँगो वर्ग आणि महिन्याची लाइव्ह मिलोंगा : पाच महिन्यांचा अनुभव

मी ५१ वर्षांची आहे, एरंडवण्यात राहते आणि गेली २२ वर्षं आमच्या भजनी मंडळात पेटी वाजवते. नाच कधी शिकले नव्हते. पालख्या पुण्यातून पुढे गेल्या त्याच आठवड्यात मुलीने फोनवर एक व्हिडिओ दाखवला. टँगोचा, म्हणजे अर्जेंटिनाकडच्या जोडीच्या नाचाचा. म्हात्रे पुलाजवळच्या हॉलमध्ये दहा-बारा जोड्या संथ चालताहेत आणि कोपऱ्यात दोघं जण बसून व्हायोलिन आणि अकॉर्डियन वाजवताहेत. माझं लक्ष नाचणाऱ्यांकडे गेलंच नाही, त्या कोपऱ्याकडे गेलं. दुसऱ्या दिवशी जाऊन नाव घातलं.

आधी पैशांचं सांगते, कारण विचारणारे तेच विचारतात. आठ आठवड्यांची बॅच, आठवड्यातून दोनदा दीड-दीड तास, फी ५,५०० रुपये. जोडीदार सोबत आणावा लागत नाही. महिन्यातून एका रविवारी सराव असतो, त्याला दोन वादक येतात आणि तो फीमध्येच धरलेला आहे. महिन्याअखेरीस मिलोंगा, म्हणजे टँगो नाचायची संध्याकाळ, तिचं तिकीट वेगळं, ६०० रुपये. तिला तीन वादक असतात. शिकवणारे दोघं आहेत, एक बाई आणि एक गृहस्थ, आणि दोघंही नाचतानाच्या दोन्ही भूमिका, नेणाऱ्याची आणि मागोमाग येणाऱ्याची, शिकवतात. हे फार उपयोगाचं आहे. नेणाऱ्याच्या हाताखाली काय होतं ते येणाऱ्याला एकदा स्वतः करून पाहिल्याशिवाय कळत नाही.

पहिला महिनाभर आम्ही चाललो. नुसते चाललो. काही लोक तिसऱ्या आठवड्यात सोडून गेले, त्यांना स्टेप हव्या होत्या. मला मात्र ते चालणं आवडलं, कारण ते मला पलट्यांसारखं वाटलं. टँगोत शरीराचं सगळं वजन एका वेळी एकाच पायावर असतं आणि ते या पायावरून त्या पायावर पूर्ण गेल्याशिवाय पुढचं काहीच होत नाही. बाई माझ्या मागे उभ्या राहून सांगायच्या, "ताई, पाय गेला, पण तुम्ही मागेच राहिलात." हे वाक्य मी दीड महिना ऐकलं. एका गुरुवारी त्यांनी ते म्हटलं नाही. घरी येताना गरवारे कॉलेजच्या सिग्नलपर्यंत मी आपली एकेका पायावर वजन देत चालत आले.

पुढे मग क्रुझादा, म्हणजे एक पाय दुसऱ्यासमोर आडवा घेऊन थांबणं, आणि ओचो. ओचो म्हणजे स्पॅनिशमध्ये आठ, पण पायाने काढायचा तो आपला देवनागरी ८ नव्हे, इंग्रजी आठ. आधीपासून ठरलेलं काही नसतं. एकाने सुचवायचं, दुसऱ्याने ऐकायचं आणि आपलं पाऊल पूर्ण करायचं. पाऊल पूर्ण झाल्याशिवाय पहिल्याने पुढचं सुचवायचं नाही. पाठ करून आलेल्या माणसाचा हात लगेच कळतो, तो घाईत असतो.

वर्गात एरवी गाणी स्पीकरवरच लागतात, आणि ती कशी लावतात याबद्दल मी शिक्षकांना पैकीच्या पैकी गुण देईन. दर आठवड्याला एकच वाद्यवृंद. एक आठवडा हुआन दारिएन्सो: ठोके तुटक, धारदार, पाय आपोआप उचलतात. पुढचा आठवडा कार्लोस दि सारली: व्हायोलिनं गातात, खाली त्यांचा स्वतःचा पियानो सावकाश चालतो, आणि तेच पाऊल दुप्पट लांब होतं. मग आनिबाल त्रॉइलो, आणि सगळ्यात शेवटी ओस्वाल्दो पुग्लिएसे, ज्यांची लय ताणली जाते आणि सुटते. ही सगळी साधारण १९३५ ते १९५५ या काळातली मंडळी, आणि जगभरच्या मिलोंगांत आजही मुख्यतः त्यांच्याच ध्वनिमुद्रिका वाजतात. पुग्लिएसे डाव्या विचारांचे होते आणि त्यासाठी तुरुंगात गेले. ते आत असले की त्यांचे साथीदार रिकाम्या पियानोवर लाल कार्नेशनचं फूल ठेवून वाजवायचे. हे बाईंनी सांगितलं त्या दिवशी आम्ही नाचलो ते वेगळंच नाचलो.

आता लाइव्हबद्दल, कारण हा वर्ग मी त्याच्याचसाठी घेतला.

ऑगस्टपर्यंत काही गाणी मला पाठ झाली होती. कुठे गायक येणार, कुठे शेवट, शेवटचे ते दोन स्वर, ज्यांना हे लोक 'चान-चान' म्हणतात, ते कधी पडणार. पेटी वाजवणाऱ्याला एवढं सहज येतं. मग रविवारचा सराव आला. माझ्याबरोबर सत्तरीचे एक काका होते, निवृत्त इंजिनिअर, ज्यांना चार-पाचच गोष्टी येतात आणि ते त्या फार सुंदर करतात. गाणं ओळखीचं. व्हायोलिनवाले एका स्वरावर आले आणि त्यांनी तो सोडलाच नाही. ध्वनिमुद्रिकेत तिथे थांबा नाही. माझा पाय निघाला होता. काका मात्र निघाले नव्हते, ते त्या स्वराखाली उभे होते. मी पाय परत घेतला आणि उभी राहिले. किती वेळ, सांगता येणार नाही. स्वर सुटला, अकॉर्डियन खालून आला आणि आम्ही दोघं एकदमच निघालो. कोणी कोणाला नेलं नाही.

षड्जावर ठेवलेला ठहराव मी आयुष्यभर ऐकला आहे. त्याच्या आत एका पायावर उभं राहायची वेळ पहिल्यांदा आली. ध्वनिमुद्रिकेवर शिकताना मी पुढचं आठवत होते. त्या दिवशी ऐकत होते. बाईंनी पाच आठवडे जे शब्दांत सांगितलं होतं, ते त्या एका स्वराने झालं.

आणि वादकही बघत असतात. चहाच्या वेळी मी व्हायोलिनवाल्यांना विचारलं, तो स्वर एवढा का धरलात? ते म्हणाले, "कडेच्या रांगेत गर्दी झाली होती ताई, कोणाला निघायला जागा नव्हती. म्हणून थांबलो." टँगोत सगळ्या जोड्या हॉलभर एकामागून एक फिरतात, घड्याळाच्या उलट दिशेने, म्हणजे देवळातल्या प्रदक्षिणेच्या उलट, आणि पुढच्याला ओलांडून जायचं नसतं. वादकांनी ती रांग बघून वाजवावं, हे मला तबलजीने गवयाचा श्वास बघावा तसं वाटलं.

बांदोनेऑन, म्हणजे टँगोचं खास भात्याचं वाद्य, इथे कोणी वाजवत नाही, म्हणून एरवी अकॉर्डियन. पण नोव्हेंबरच्या मिलोंगेला एक पाहुणे वादक ते घेऊन आले होते. मी पंचवीस मिनिटं आधी जाऊन पहिल्या रांगेत बसले. माझ्या दृष्टीने हा पेटीचाच चुलतभाऊ आहे. आत धातूचे सूर, त्यांवरून वारा. आपली पेटी युरोपातून येऊन इथली झाली, तसं हेही एकोणिसाव्या शतकात जर्मनीत घडलं आणि स्थलांतरितांबरोबर ब्युनोस आयरेसला जाऊन तिथलं झालं. नावही क्रेफेल्डच्या हाइनरिश बांड यांच्यावरूनच पडलं आहे. पण पट्ट्या नाहीत, बटणं आहेत, ७१, आणि ती क्रमाने लावलेली नाहीत. शिवाय एकच बटण भाता उघडताना एक स्वर देतं आणि मिटताना दुसरा. मध्यंतरात मी धीर करून विचारलं, तर त्या गृहस्थांनी वाद्य माझ्या गुडघ्यावर ठेवलं. मी एक बटण दाबून उघडलं, मग मिटलं. दोन वेगळे सूर. बावीस वर्षांच्या बोटांना काही म्हणजे काही सापडलं नाही, आणि मला इतका आनंद झाला की डोळ्यांत पाणी आलं. ते बहुतेक उघडतानाच वाजवत होते, मग उजव्या अंगठ्याखालची कळ दाबून वारा सोडून द्यायचा, भाता झटकन मिटायचा आणि पुन्हा उघडायचा. ती मिटण्याची जागा म्हणजे श्वास. नाचणारे त्यावरच पाऊल बदलत होते.

मिलोंगेच्या रीतीभातींची भीती बाळगू नका, त्या नवख्याच्या सोयीच्या आहेत. तीन-चार गाण्यांचा एक संच असतो, त्याला तांदा म्हणतात, आणि एक तांदा एकाच जोडीदाराबरोबर नाचायचा. मध्ये थोडं वेगळंच संगीत लागतं, तेव्हा जागेवर परत यायचं. विचारणं तोंडाने होत नाही. लांबून नजर भेटली आणि मान हलली तर ठरलं, नाही तर नाही. मला परक्या माणसाच्या डोळ्यांत बघायची सवय नव्हती, पहिल्या मिलोंगेत मी बहुतेक वेळ पर्समध्ये बघत बसले आणि दोनच तांदे नाचले. बाईंनी नंतर सांगितलं की नजर उचलणं हाही शिकायचा भाग आहे. आता जमतं. नकार कोणाला ऐकू येत नाही आणि कोणी ओढून नेत नाही, ही यातली मोठी गोष्ट आहे. टँगो, तीन मात्रांचा व्हाल्स आणि चपळ मिलोंगा (हो, लयीचंही नाव तेच) असे तीन प्रकार येतात. ज्याच्या अंगात दादरा आहे त्याला व्हाल्स सोपा जाईल.

माझ्या मोठ्या बहिणीने विचारलं, "अगं, परक्या पुरुषाच्या इतक्या जवळ?" प्रश्न योग्य आहे आणि नाव घालायच्या आधी मलाही पडला होता. मिठी किती जवळची, हे मागोमाग येणारी ठरवते. हे इथे पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगतात आणि पाळतात. ऑगस्टमध्ये एका नव्या गृहस्थाने ते पाळलं नाही. बाईंनी चालू गाण्यात त्याला बाजूला घेतलं, तो पुन्हा दिसला नाही. मी बहिणीला हेच सांगितलं, आणि तिला एकदा बघायला घेऊन गेले. ती दोन तास बसली आणि घरी येताना रिक्षात म्हणाली, "कोणी कोणाशी बोलतच नाही गं, सगळे ऐकत असतात."

उणिवा आहेत, त्याही सांगते. पाचव्या आठवड्यानंतर घाई होते. तीन तासिकांत पाच नव्या गोष्टी शिकवल्या, त्यातल्या दोन आजही मला नीट येत नाहीत. बायका जास्त, पुरुष कमी, त्यामुळे निम्मा वेळ भिंतीशी उभं राहावं लागतं. नावनोंदणीच्या वेळी संख्या बघून घ्यायला हवी. मिलोंगा दिलेल्या वेळेच्या चाळीस मिनिटं उशिरा सुरू होते, प्रत्येक वेळी. पंखे बंद ठेवतात, कारण वादकांचे कागद उडतात. चिमटे आणले तर पंखे लावता येतील, मी दोनदा सांगितलं आहे. ऑगस्टमध्ये नदीपात्रात ढोलपथकांचा सराव असतो तेव्हा संध्याकाळी सातनंतर व्हायोलिन ऐकूच येत नाही. ढोलाचा राग नाही, पण त्या महिन्यात वर्गाची वेळ बदलायला हवी.

सगळ्यात मोठी तक्रार सप्टेंबरच्या मिलोंगेची. त्या वेळी दुसरेच वादक आले होते, हात उत्तम, पण त्यांनी लागोपाठ बैठकीत ऐकायच्या रचना वाजवल्या. लय मध्येच विरघळायची, आठ-आठ मिनिटं एकच तुकडा. हॉलमधले सगळे बसून राहिले. ती मैफल म्हणून मी आनंदाने ऐकली असती, पण तिकीट नाचायचं होतं. नाचणाऱ्यांसाठी वाजवणं ही स्वतंत्र विद्या आहे, आणि ती ज्यांना येते त्यांनाच बोलवावं. ऑक्टोबरपासून जुने तिघं परत आले आहेत.

बुटांसाठी हजारो रुपये घालू नका. रबरी तळावर पाय वळत नाही, गुडघ्याला ओढ बसते. मी माझ्या जुन्या, पट्टा असलेल्या बुटांना लक्ष्मी रस्त्याजवळ बूट दुरुस्त करणाऱ्या काकांकडून चामड्याचा तळ बसवून घेतला, ३५० रुपयांत. हॉलची जमीन लाकडी आणि चांगली आहे. गाडी लावायला जागा नाही, रिक्षाने जा.

मिलोंगेची शेवटची रचना ठरलेली असते, 'ला कुम्परसिता'. मोंतेविदेओच्या गेरार्दो मातोस रोद्रिगेस यांनी ती विद्यार्थी असताना रचली. ती लागली की भैरवी लागल्यासारखं होतं, कोणी घड्याळाकडे बघत नाही आणि ज्याच्याबरोबर नाचायचं राहून गेलं असेल त्याला सगळे शोधतात. नोव्हेंबरमध्ये मी ती काकांबरोबर नाचले. शेवटच्या दोन स्वरांपैकी पहिला पडला आणि बांदोनेऑनने दुसरा राखून ठेवला. अख्खा हॉल एका पायावर थांबला.

पुढची लाइव्ह मिलोंगा ११ डिसेंबरला आहे. अर्जेंटिनात तो राष्ट्रीय टँगो दिन असतो, कार्लोस गार्देल आणि हुलिओ दे कारो या दोघांचा जन्मदिवस म्हणून. पाहुणे वादक तोपर्यंत पुण्यातच आहेत. सवाईही त्याच सुमाराला असतो. तारखा एकावर एक आल्या तर त्या संध्याकाळचं सवाईचं सत्र मी सोडणार आहे.