टीडीएस मीटर: खारं पाणी ओळखतो, विषारी नाही

पाण्यात विरघळलेले एकूण क्षार (टीडीएस) मोजणारा, पेनासारखा दिसणारा, पिवळ्या टोपणाचा हा मीटर मी ऑनलाइन ३४९ रुपयांना मागवला. त्याला कारणीभूत एक आरओ विकणारा पोरगा. दिवाळीआधी आमच्या ले-आउटमध्ये आला, बोअरच्या पाण्याच्या ग्लासात दोन सळ्या बुडवल्या, वायर लावली आणि मिनिटभरात पाणी तपकिरी गढूळ! "काकू, हे सगळं तुमच्या पोटात जातंय बघा. जड धातू!" शेजारच्या वहिनी ॲडव्हान्स आणायला घरात पळाल्या. मी तीस वर्षं ज्युनिअर कॉलेजच्या केमिस्ट्री लॅबमध्ये काढली आहेत. म्हटलं, बाळा, हा गाळ तुझ्याच लोखंडी सळीचा. क्षारांच्या पाण्यातून वीज गेली की सळी झिजते आणि गंज सुटतो. आता आरओच्या पाण्यात चिमूटभर मीठ टाकून हेच करून दाखव. त्याने सामान आवरलं.

पण डोक्यात किडा शिरलाच. आमच्यापासून नागपूरजवळच्या कोराडी-खापरखेडा औष्णिक वीजकेंद्रांचे राखेचे तलाव काही फार लांब नाहीत आणि कोळशाच्या राखेत आर्सेनिक, शिसं, क्रोमियम थोडंथोडं असतंच. उन्हाळ्यात नातू यायचा होता.

मीटर वापरायला सोपा. टोपण काढा, दोन पिना बुडवा, आकडा स्थिर होऊ द्या. आमच्या बोअरचा आकडा ७२०, धाकट्या जावेकडच्या बोअरचा २६०. ती खूश. "बघा वहिनी, आमचं पाणी गोड आहे!" भारतीय मानकात टीडीएसची मर्यादा ५०० आहे, दुसरा पर्यायच नसेल तर २००० पर्यंत चालतं. म्हणजे मीटरच्या मते मी नापास, जाऊबाई पहिल्या नंबरात.

इथेच या वस्तूची गोम आहे. मीटर पाण्यातून वीज किती वाहते ते मोजतो आणि त्यावरून क्षारांचा अंदाज करतो. त्याचा सगळ्यात लहान आकडा १, म्हणजे लिटरला एक मिलिग्रॅम. पिण्याच्या पाण्यात आर्सेनिकची मर्यादा ०.०१, शिशाचीही ०.०१, कॅडमियमची तर ०.००३. पाण्यात मर्यादेच्या शंभरपट शिसं असलं तरी मीटरचा आकडा २६० चा २६१ होईल न होईल. आर्सेनिक तर त्याहून लबाड. खोल, प्राणवायू कमी असलेल्या भूजलात ते बरेचदा अशा रूपात असतं की त्यावर विद्युतभारच नसतो. मीटरला ते दिसणार कुठून? चव नाही, वास नाही, रंग नाही. पश्चिम बंगालमध्ये लोक कूपनलिकांचं नितळ पाणी वर्षानुवर्षं पीत होते. १९८३ साली कोलकात्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये डॉ. के. सी. साहा यांनी रोग्यांच्या त्वचेवरच्या खुणांवरून आर्सेनिकची विषबाधा ओळखली. असं पाणी पुढे त्वचेच्या, मूत्राशयाच्या, फुफ्फुसाच्या कर्करोगापर्यंत नेतं. आणि उकळून काही होत नाही. पाणी आटतं, धातू तिथेच राहतो.

म्हणून दोन्ही घरचं पाणी प्रयोगशाळेत दिलं. धातूंच्या तपासणीची बाटली वेगळी मिळते, तळाशी नायट्रिक ॲसिडचे थेंब असलेली. धातू बाटलीच्या भिंतीला चिकटून बसू नयेत म्हणून ते असतं. मी जुन्या सवयीने बाटली आधी खळखळून विसळली. तीस वर्षांची नोकरी मोरीत गेली! दुसरी बाटली आणायला परत चक्कर. दोन्ही नमुन्यांचे मिळून सात हजार गेले. मीटरच्या वीसपट.

रिपोर्ट आला. माझ्या ७२० वाल्या पाण्यात कडकपणा भरपूर, पण धातू सगळे मर्यादेत. जाऊबाईंच्या गोड पाण्यात शिसं ०.०२१. नळातलं, जुन्या फिटिंगमधलं उतरलं असेल म्हणून दुसऱ्यांदा थेट बोअरच्या तोंडाशी, पंप अर्धा तास चालवून नमुना घेतला. ०.०१९. तिच्याकडे चार वर्षांची मुलगी आहे. शिसं मुलांच्या मेंदूच्या वाढीला बाधतं आणि सुरक्षित म्हणावी अशी पातळी त्याला नाही. त्याच आठवड्यात तिने आरओ बसवला. मी नाही बसवला. भांड्यांवर पांढरे डाग पडतात, पडू देत.

मीटर मग कपाटात टाकून द्यायचा का? नाही. त्याचं खरं काम आरओ बसल्यावर सुरू झालं. आरओच्या गाळणाऱ्या पडद्यातून निघालेल्या पाण्याचा आकडा आला २४. पंधरा दिवसांनी पाहिलं तर १२०. पडदा एवढ्यात कसा जाईल? मिस्त्रीला विचारलं तर म्हणे, "मॅडम, पाणी फिकं लागतं म्हणाल्या, म्हणून चवीचा स्क्रू थोडा उघडला." तो स्क्रू आरओच्या पाण्यात बायपासचं, म्हणजे पडद्यातून न गेलेलं, पाणी मिसळतो. हिशेब केला तर पाचातले जवळजवळ दोन भाग बोअरचंच पाणी, शिशासकट! स्क्रू पुरता बंद करून घेतला. आकडा पुन्हा २५.

पाचापैकी तीन तारे. एक तारा वेष्टनावर 'शुद्धता तपासा' असं छापल्याबद्दल कापला, दुसरा बॅटरीच्या झाकणासाठी. ते सारखं निघतं. मी रबरबँड लावलाय.