चिबाचा कार्बन-आयन उपचार: यंत्र भारी, पण आधी गाठ कुठली ते बघा

टोकियोजवळच्या चिबा शहरात हायमॅक या कणांना वेग देणाऱ्या यंत्रावर 1994 पासून कार्बन आयनांनी, म्हणजे विद्युतभारित कार्बन अणूंनी, कॅन्सरवर उपचार होतात. हे उपचार करणाऱ्या, आताच्या क्यूएसटी हॉस्पिटलची मोठी जमेची बाजू हीच: डोस किती द्यायचा आणि कुठे हात आखडता घ्यायचा, हे तिथे तीन दशकांच्या रुग्णांवरून ठरलंय.

नेहमीचं एक्स-रे रेडिएशन गाठ ओलांडून पलीकडे बाहेर पडतं. कार्बनचा कण वाटेत थोडी ऊर्जा सोडतो आणि थांबता थांबता उरलेली ओततो. प्रोटॉनही तसाच वागतो, पण कार्बनचा घाव एक्स-रेच्या दोन-तीन पट जड. डीएनएचे दोन्ही धागे एकदम तुटतात. म्हणून एक्स-रेला दाद न देणाऱ्या गाठींवर तो चालतो. मात्र ‘गाठीपलीकडे डोस शून्य’ हे खरं नाही. काही कण वाटेत फुटतात आणि त्यांचे तुकडे थोडे पुढे जातात.

सगळ्यात दमदार निकाल माकडहाडाच्या वरच्या, सेक्रम या हाडातल्या कॉर्डोमाचे (कणा किंवा कवटीच्या तळाच्या हाडात होणारा दुर्मीळ कॅन्सर). ऑपरेशन शक्य नसलेल्या 188 रुग्णांच्या जपानी अभ्यासात पाच वर्षांनी 77 टक्क्यांची गाठ जागच्या जागी काबूत होती, 81 टक्के हयात होते. सहा जणांना मज्जातंतूंचा गंभीर त्रास झाला, दोघांच्या त्वचेवर अतिगंभीर जखमा. या हिशेबात सौदा वाईट नाही. प्रोस्टेटचं काम 12 सिटिंगमध्ये, तीन आठवड्यांत उरकतं; तिथे सोय मोठी आहे, पण चांगल्या एक्स-रे उपचारापेक्षा फायदा किती, हे ठरवणाऱ्या थेट तुलनेच्या चाचण्या तोकड्या आहेत.

प्रत्यक्षात आधी अंगाच्या मापाचा साचा, मग सीटी, मग प्लॅनिंग. दर वेळी टेबलावर जास्त वेळ जातो तो जागा जुळवण्यात. बीम काही मिनिटांचाच. फुप्फुस-यकृताला श्वास सोडल्यावरच बीम सुटतो. चुका होतात त्या कण किती खोल जाऊन थांबतो याच्या: वजन उतरलं, आतड्यात गॅस भरला, जवळ धातूची प्लेट असली की कण भलत्याच ठिकाणी थांबतो.

आतडं किंवा जठर गाठीला चिकटलेलं असेल, तर व्रण पडण्याचा, भोक पडण्याचा धोका असतो. अशा वेळी नकार मिळतो किंवा आधी ऑपरेशन करून मध्ये स्पेसर, म्हणजे गाठ आणि आतडं यांच्यात अंतर ठेवणारा तुकडा, बसवतात. त्याच जागी आधी रेडिएशन झालं असेल तरी गणित अवघड होतं. शरीरभर पसरलेल्या आजारावर हा इलाज नाही.

जपानी आणि युरोपीय केंद्रांचे डोसचे आकडे सरळ ताडून पाहू नका. जैविक परिणाम मोजायची दोघांची मॉडेल्स वेगळी आहेत.

भारतात कार्बन नाही. खारघरच्या टाटा केंद्रात प्रोटॉन आहे. कवटीच्या तळाच्या कॉर्डोमासाठी विमानाचं तिकीट काढण्याआधी तिथे विचारावं. चिबाला चौकशी करताना पॅथॉलॉजीचा रिपोर्ट, ताजा एमआरआय आणि पूर्वी रेडिएशन झालं असेल तर त्याचा पूर्ण डोस-प्लॅन जोडा.