लहानग्यांच्या थयथयाटावरील पालक-कार्यशाळा: पैसे वसूल, पण आजी-आजोबांना वगळून

पुण्याच्या एका उपनगरातील बालविकास केंद्रात दीड ते साडेतीन वर्षांच्या मुलांच्या पालकांसाठी रविवारी सकाळी एक कार्यशाळा घेतली जाते. तिचा विषय एकच असतो: मुलाने भर रस्त्यात, दुकानात किंवा जेवणाच्या ताटासमोर लोळण घेतली, तर मोठ्यांनी काय करावे. आई-वडील दोघांचे मिळून दीड हजार रुपये शुल्क, साधारण साडेतीन तासांचा कार्यक्रम आणि मध्ये पोहे व चहा असा सगळा बेत असतो. सजग पालकत्वाच्या नावाखाली हल्ली काय काय आणि केवढ्याला विकले जाते ते पाहता ही रक्कम वाजवी आहे. एक मोठी उणीव सोडली, तर ती वसूलही होते, असे माझे मत आहे.

मार्गदर्शन करणाऱ्या बाई बालमानसशास्त्रज्ञ आहेत आणि त्यांची जमेची बाजू अशी, की त्या उपदेशाने सुरुवात करत नाहीत. दीड-दोन वर्षांच्या मुलाला काय हवे ते नेमके कळत असते, पण ते सांगण्यापुरते शब्द त्याच्याकडे नसतात, आणि स्वतःला आवरण्याचे काम करणारा मेंदूचा पुढचा भाग तर पुढे कित्येक वर्षे घडतच राहतो. त्यामुळे या वयातला थयथयाट हा बिघडलेल्या वळणाचा पुरावा नसून वाढीचा एक टप्पा आहे, एवढे सांगून त्या थेट मुद्द्यावर येतात. हा मुद्दा म्हणजे अमेरिकेतील मायकेल पोटेगल आणि रिचर्ड डेव्हिडसन या संशोधकांनी 2003 मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास. दीड ते पाच वर्षांच्या तीनशेहून अधिक मुलांच्या पालकांनी लिहून दिलेल्या वर्णनांवरून त्यांनी असे दाखवले, की थयथयाटात राग आणि दुःख या दोन वेगळ्या गोष्टी एकाच वेळी चाललेल्या असतात. किंचाळणे, लाथा झाडणे, वस्तू फेकणे हा रागाचा भाग लवकर टोकाला पोहोचतो आणि ओसरतो. रडणे, मुसमुसणे, कुशीत शिरू पाहणे हा दुःखाचा भाग मात्र मागे रेंगाळतो. बहुतेक थयथयाट पाच मिनिटांच्या आत आटोपतात, ही त्याच अभ्यासातील माहिती ऐकून सभागृहातल्या निम्म्या लोकांनी अविश्वासाने एकमेकांकडे पाहिले, कारण घरी ती पाच मिनिटे अर्ध्या तासासारखी वाटतात.

या एका निष्कर्षावर कार्यशाळेचा पुढचा सगळा भाग उभा आहे. राग टोकाला असताना मुलाला समजावू नये, प्रश्न विचारू नयेत, "काय झालं? काय हवंय? पाणी देऊ का?" अशी सरबत्ती करू नये, कारण त्या क्षणी प्रत्येक प्रश्न हा आगीत तेल ठरतो. जवळ बसावे, आजूबाजूची टोकदार किंवा फुटणारी वस्तू उचलून ठेवावी, चेहरा शांत ठेवावा आणि थांबावे. किंचाळण्याचे हुंदक्यांत रूपांतर झाले, की हात पुढे करावेत. ऐकायला हे सोपे वाटते, पण बाई ते नुसते सांगून सोडत नाहीत, तर प्रत्यक्ष करून घेतात. सतरंजीवर एका वडिलांना झोपवून हातपाय आपटायला लावले (त्यांनी ही भूमिका इतकी मनापासून वठवली, की शेजारच्या खोलीतून कुणीतरी डोकावून गेले) आणि दुसऱ्या एका आईला त्यांच्याजवळ काही न बोलता बसायला सांगितले. मिनिटभराच्या आत त्या आईच्या तोंडून "अरे, पण ऐक ना" निघालेच. मग हाच प्रयोग आळीपाळीने प्रत्येक जोडीने केला आणि गप्प बसणे हे शिकावे लागणारे कौशल्य आहे, हे कोणत्याही व्याख्यानापेक्षा नीट कळले.

दुसरा उपयुक्त भाग नोंदवहीचा. थयथयाट कधी झाला, त्याआधी मूल काय करत होते, शेवटचे कधी खाल्ले, कधी झोपले आणि मोठ्यांनी शेवटी काय केले, एवढेच आठवडाभर लिहायचे असते. आमच्या मुलीच्या बाबतीत यातून जे दिसले ते इतके साधे होते, की वैताग यावा: बहुतेक प्रसंग दुपारच्या झोपेच्या आधी, किंवा संध्याकाळी बागेतून घरी निघताना आणि रात्रीच्या वरणभातापूर्वीच्या अर्ध्या तासात घडत होते. बागेत जाताना डब्यात केळे किंवा राजगिऱ्याचा लाडू नेणे आणि "आता निघायचं" असे अचानक जाहीर करण्याऐवजी "अजून दोन वेळा घसरगुंडी, मग चप्पल" असे आधी सांगणे, एवढ्यावर बागेच्या फाटकाजवळचा तमाशा पुष्कळ कमी झाला. "चप्पल घालायची का?" असे विचारले, की उत्तर "नाही" हेच येणार, त्याऐवजी "लाल चप्पल की निळी?" असे विचारावे, ही युक्ती आता सर्वत्र सांगितली जाते. पण पर्याय दोनच असावेत, दोन्ही आपल्याला खरोखर मान्य असावेत आणि मूल आधीच भडकलेले असताना ही युक्ती काढूच नये, हे बारकावे इथे मिळाले.

मोबाइलबद्दलचे विवेचन कडक, पण पटणारे होते. दोन वर्षांखालील मुलांना पडदा दाखवूच नये, असे भारतीय बालरोग अकादमीही सांगते, हे बहुतेकांना ठाऊक असते. तरीही रडणे थांबवण्याचा तो सर्वांत जलद उपाय असल्यामुळे तो वापरला जातो. बाईंचा आक्षेप वेगळ्या ठिकाणी होता. तीनदा नाही म्हणून चौथ्यांदा मोबाइल हातात देणे हे पहिल्यांदाच देण्यापेक्षा वाईट, कारण कधीतरीच लागणाऱ्या लॉटरीचे तिकीट माणूस जसे पुन्हा पुन्हा काढतो, तसे मूलही रडून पाहत राहते. आणि एकदा ठामपणे नकार द्यायचे ठरवले, की सुरुवातीचे काही दिवस थयथयाट कमी होण्याऐवजी वाढतो, ही पूर्वसूचना त्यांनी आवर्जून दिली. ती नसती, तर पुष्कळ घरांत हा प्रयोग दुसऱ्या दिवशीच गुंडाळला गेला असता.

शेवटच्या वीस-पंचवीस मिनिटांत एका बालरोगतज्ज्ञांनी जे सांगितले, ते मला सर्वांत मोलाचे वाटले. रडता रडता काही मुलांचा श्वास अडकतो, ओठ निळे पडतात आणि मूल क्षणभर बेशुद्धही होते. सहा महिन्यांपासून साधारण सहा वर्षांपर्यंत दिसणारा हा प्रकार भयंकर वाटला, तरी बहुधा मिनिटभरात आपोआप थांबतो आणि वय वाढेल तसा जातो. अशा वेळी मुलाला गदागदा हलवू नये, तोंडात पाणी घालू नये, कांदा हुंगवत बसू नये. कुशीवर निजवून श्वास सुरू होतो की नाही ते पाहावे आणि मूल सावध व्हायला वेळ लागत असेल, तर तातडीने मदत घ्यावी. पहिल्यांदा असे घडल्यावर डॉक्टरांना दाखवावेच, आणि रक्तातील हिमोग्लोबिन व लोह तपासून घ्यावे, कारण लोहाची कमतरता आणि हे झटके यांचा संबंध आढळलेला आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या 2019-21 च्या फेरीत महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील दर तीन बालकांपैकी दोघांहून अधिक जणांना रक्तक्षय आढळला होता, हे ध्यानात घेतले, तर हा सल्ला केवळ अपवादात्मक मुलांपुरता राहत नाही. मूल स्वतःला वारंवार इजा करून घेत असेल, एकेक प्रसंग नेहमीच पंचवीस-तीस मिनिटे चालत असेल किंवा आलेले शब्द मागे पडत असतील, तर वाट न पाहता तपासणी करावी, हेही त्यांनी स्पष्ट केले. या भागाला किमान तासभर द्यायला हवा होता. प्रश्न विचारणाऱ्यांचे हात वर असतानाच वेळ संपली.

आता उणीव. संपूर्ण कार्यशाळा असे गृहीत धरते, की घरात आई, वडील आणि मूल एवढेच राहतात. प्रत्यक्षात सभागृहातल्या कितीतरी जणांची मुले दिवसभर आजी-आजोबांकडे किंवा सांभाळणाऱ्या मावशींकडे असतात, आणि "गप्प बस, नाहीतर पोलीसकाका घेऊन जातील" किंवा "एवढ्याशा लेकराला कशाला रडवता, दे की तो मोबाइल" ही वाक्ये तिथूनच येतात. याविषयी विचारल्यावर मिळालेले उत्तर "घरात सर्वांनी एकमताने वागावे" असे होते. एकमत कसे करावे, सासूबाईंना हे कोणी आणि कोणत्या शब्दांत सांगावे, ज्यांनी तीन-चार मुले वाढवली त्यांच्या अनुभवाचा मान ठेवून आपला आग्रह कसा मांडावा, याचा सराव मात्र कोणी घेतला नाही. सतरंजीवर लोळणाऱ्या बाबांच्या जोडीला "अहो आई, पाच मिनिटं थांबाल का?" हा प्रवेशही बसवला असता, तर कार्यशाळा आपल्या घरांची झाली असती.

किरकोळ तक्रारी दोन आहेत. ज्या पालकांची मुले सांभाळायला घरी कुणी नाही, त्यांच्यासाठी केंद्रात पाळणाघराची काहीच सोय नाही, आणि हातात मिळणारी पुस्तिका इंग्रजीत आहे, जी घरातल्या ज्येष्ठांना किंवा सांभाळणाऱ्या बाईंना वाचायला देता येत नाही. केंद्राच्या कार्यालयात याबद्दल विचारले, तेव्हा मराठी पुस्तिका तयार होत असल्याचे सांगण्यात आले. तोवर जाणाऱ्यांना एवढेच सुचवीन, की मूल दीड वर्षाचे होत आले, की लगेच नाव नोंदवावे आणि नोंदणी करताना आजी किंवा आजोबांसाठी तिसरी खुर्ची मागून घ्यावी. तिचे पाचशे रुपये वेगळे पडतात, पण ती मागितल्याशिवाय कोणी देत नाही.