जानव्यासारखा पट्टा आणि ॲप्रेमिलास्टचे 8 महिने

एसटीत कंडक्टर आहे, सांगली–स्वारगेट. सोरायसिस, म्हणजे कातडीवर खवल्यांचे चट्टे उठणारा आजार, 14 वर्षांचा जुना. त्यावरची गोळी ॲप्रेमिलास्ट 30 एमजी, सकाळी एक, संध्याकाळी एक, 8 महिने झाले. 5 पैकी साडेतीन तारे. दीड तारा का कापला ते आधी सांगतो, कारण नवीन माणसाची पहिले पंधरा दिवस त्याच्याशीच गाठ पडते.

पोट. ही गोळी एकदम पूर्ण देत नाहीत. पहिल्या दिवशी सकाळी 10 एमजी, मग रोज थोडी थोडी वाढवत सहाव्या दिवसापासून 30 दोन वेळा. डॉक्टरांनी जुलाबाचं सांगितलं होतं, तरी मी पाचव्या दिवशी ड्युटीवर गेलो. पेठ नाक्यापर्यंत ठीक होतं. कराड स्टँडला गाडी दहा मिनिटं थांबते, मला वीस लागली. साताऱ्याला पुन्हा तेच. गाडी खंबाटकी ओलांडत होती आणि मी दांडा घट्ट धरून खंडोबाचं नाव घेत होतो. ड्रायव्हरने आरशातून बघितलं. "मास्तर, घेऊ का बाजूला?" शिरवळच्या पंपावर त्याने गाडी घेतली, कुणी विचारलं तर टायर बघतोय म्हणाला. तेव्हा सांगतो, पहिला आठवडा रजा टाका. माझं पोट तिसऱ्या आठवड्यात ताळ्यावर आलं, डोकं मात्र महिनाभर ठणकत होतं. वजन 4 किलो उतरलं. ते मला चाललं असतं, पण डॉक्टर दर वेळी काट्यावर उभं करतात. बायकोलाही त्यांनी बजावलंय, हे गप्पगप्प राहायला लागले, झोप उडाली, तर लगेच कळवा. काहींचं मन या गोळीने खचतं.

याआधी सोरायसिसवरच मेथोट्रेक्सेट नावाची गोळी होती. आठवड्यातून एकदाच, माझा वार मंगळवार. ती चुकून रोज घेतली तर जिवावर बेततं, म्हणून बायको कॅलेंडरवर खूण करायची. खोटं कशाला बोलू, तिचा गुण लवकर आला होता. पण दर दोन-तीन महिन्यांनी रक्त द्या, आणि शेवटी एसजीपीटी, म्हणजे रक्तातलं लिव्हरचं माप, वाढलं म्हणून बंद. या आजारावरची बायोलॉजिक नावाची महागडी इंजेक्शनं माझ्या पगारात बसत नाहीत. ॲप्रेमिलास्टला सारखं रक्त तपासावं लागत नाही, हे माझ्यासारख्या फिरत्या माणसाला मोठं सुख. किडनी फारच खराब असेल तर डोस निम्मा करतात. टीबीचं रिफाम्पिसिन चालू असेल तर हिचा जोर कमी पडतो, ते डॉक्टरांना आधीच सांगा. गोळी फोडून घ्यायची नाही, अख्खी गिळायची.

आता गुण. माझे कोपर, गुडघे, डोकं चट्ट्यांनी भरलेलं होतंच, पण खांद्यापासून कमरेपर्यंत एक तिरपी रेघ उठली होती, जानव्यासारखी. पैशाच्या बॅगेचा पट्टा तिथेच घासतो. डॉक्टर म्हणाले, कातडी जिथे घासते किंवा खरचटते तिथे सोरायसिस उगवतो, कोबनर नावाच्या जर्मन डॉक्टरने एकोणिसाव्या शतकातच हे टिपून ठेवलंय. चांगली कातडी महिनाभराने बदलते, आमची तीन-चार दिवसांत. मग खवले साचतात आणि खाकीवर पीठ सांडल्यासारखं दिसतं. सुट्टे पैसे माझ्या हातावर न देता सीटवर ठेवणारी माणसं मी रोज बघितली आहेत. हा आजार लागत नाही, पण चालत्या गाडीत किती जणांना समजावत बसणार?

खाज सगळ्यात आधी गेली, महिन्याच्या आतच. दुसऱ्या महिन्यात डोक्यावरचे खवले कमी झाले. चौथ्या महिन्यात जानवं पुसट झालं, आता नुसता काळपट डाग आहे. या गोळीच्या रुग्णांवरच्या चाचण्यांमध्ये 16 आठवड्यांनी पाऊण आजार उतरलेला माणूस साधारण तिघांत एक होता, हे डॉक्टरांनी सुरुवातीलाच सांगितलं होतं. मी त्या एकात बसलो. आमच्याच डेपोतल्या एका मेकॅनिकला काही फरक पडला नाही, त्याने सोडली.

खर्च बघा. महिन्याला दहा गोळ्यांच्या सहा पट्ट्या. औषध तेच, पण कंपनीगणिक भाव वेगळा, हे मला पाच महिने कुणी सांगितलं नाही. मेडिकलवाला तर सांगणारच नव्हता. डॉक्टरांना विचारल्यावर त्यांनी दुसरं नाव लिहून दिलं आणि महिन्याचे 600 रुपये वाचले.

नडग्यांवरचे दोन चट्टे मात्र ढिम्म हलत नाहीत. त्यासाठी आठवड्यातून तीनदा लाइटची ट्रीटमेंट, म्हणजे चट्ट्यांवर अतिनील किरणांचा शेक, घ्या म्हणतात. माझी एक दिवसाआड मुक्कामाची गाडी, कसं जमायचं? खाकी पँट पायघोळ आहे, तूर्त तिच्यावर भागवतोय.